पेटीबरोबर फुकट

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या वीजपुरवठ्याविषयी लिहिणे म्हणजे अव्यापारेषु व्यापार, हे मला मान्य आहे. या सदरातून मी एरवी शब्दांच्या, माणसांच्या आणि क्वचित स्वतःच्या फजितीच्या गोष्टी सांगतो. त्यांतल्या फजितीच्या गोष्टींना पत्रे अधिक येतात, असा अनुभव आहे. तेव्हा वाचकांनी आजचा मजकूर त्या तिसऱ्या खात्यावर मांडावा आणि पुढे वाचावे.

त्याचे असे झाले. आमची कन्या यंदा बारावी होऊन ॲनिमेशन शिकू लागली आणि तिला घरी संगणक हवा झाला. तोही दुकानातून तयार उचलून आणायचा नाही; एकेक भाग निवडून, पारखून घ्यायचा आणि घरी बसून जोडायचा. "तयार घेतला तर याच पैशांत अर्धा संगणक येतो, बाबा," असे तिचे म्हणणे. आमच्या वडिलांनी जन्मात कधी विकतचा आकाशकंदील घरात येऊ दिला नाही. कामट्या तासण्यापासून खळ शिजवण्यापर्यंत सारे घरी. अशा घराण्यातल्या माणसाला या युक्तिवादापुढे तोंड उघडायला जागाच नव्हती. सत्तर हजार रुपये ठरले. त्यांतले बारा हजार कन्येचे स्वतःचे, शिकवणीतल्या मुलांना चित्रकला शिकवून साठवलेले.

दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. मुलीचे लग्न ठरवताना जितकी स्थळे पाहत नाहीत तितके मदरबोर्ड तिने पाहिले. प्रोसेसरची पत्रिका जुळली, मेमरीचे गोत्र तपासले, ग्राफिक्स कार्डावरून तिचे आणि तिच्या मित्रांचे दोन वेळा अबोले झाले. अखेर एका रविवारी तिने सुवाच्य अक्षरात लिहिलेली यादी माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. मी ती वरून खाली वाचत आलो आणि शेवटच्या ओळीवर थबकलो. तिथे लिहिले होते: "कॅबिनेट, एसएमपीएस ४५० वॅटसह."

"हे 'सह' काय आहे?" मी विचारले.

"पॉवर सप्लाय. पेटीबरोबर फुकट येतो."

मी कप खाली ठेवला. म्हटले, "बाकी सगळं जसंच्या तसं घे. मला त्यातलं काही कळत नाही. पण हा फुकटचा डबा या घरात येणार नाही."

इथे आमचे वडील वर्तमानपत्रातून वर आले. ते एका सरकारी कंपनीतून निवृत्त झालेले. नात त्यांना समजावून सांगू लागली, "आजोबा, बाबा म्हणतायत की पीएसयू वेगळा घ्या." आजोबा चष्मा काढून म्हणाले, "आता वेगळा काय घेता? सरकार विकतंयच की एकेक." त्यांच्या लेखी पीएसयू म्हणजे सार्वजनिक क्षेत्रातला उद्योग, संगणकाच्या पोटात त्याचे काय काम, हे त्यांना शेवटपर्यंत उमगले नाही. शब्दांच्या या गफलतीवर मी एरवी एक अख्खे सदर लिहिले असते. पण त्या दिवशी माझे चित्त ठिकाणावर नव्हते.

चांगला पुरवठा घ्यायचा तर चार-साडेचार हजार लागणार होते. ते कुठून आणायचे? ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचे घ्यावे लागणार. कन्येचा चेहरा पडला. ज्या वस्तूने चित्र हलणार, रंग उजळणार, ती कमी करायची. आणि जी वस्तू पेटीच्या तळाशी अंधारात बसणार, जिच्याकडे कोणी ढुंकून पाहणार नाही, तिच्यावर पैसे घालायचे! "नाकापेक्षा मोती जड," असे सौभाग्यवतींनीही मुलीच्या बाजूने म्हणून घेतले. मी कारण सांगितले नाही. नुसते "नाही" म्हटले. बाप हे बऱ्याचदा असेच करतात आणि मग आपले कोणी ऐकत नाही म्हणून तक्रार करतात.

कारण मी तिला पुढच्या शनिवारी डोंबिवलीहून निघालेल्या गाडीत सांगितले. आम्ही ग्रँट रोडला चाललो होतो. तिथल्या लॅमिंग्टन रोडला आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आहे; पण विजेच्या आणि संगणकाच्या वस्तूंसाठी जाणारी सारी मुंबई त्याला अजून जुन्याच नावाने ओळखते. दादरला गाडी बदलेपर्यंत माझी गोष्ट सांगून झाली.

गोष्ट एवढीच. २००५ पासून चार वर्षे मी जात्यावरच्या ओव्या गोळा करीत हिंडत होतो. पीएच.डी. करायची होती. वाईजवळच्या एका खेड्यात माझी आत्या होती. ती आणि तिच्या शेजारणी, आसपासच्या दहा-बारा गावांतल्या आणखी कितीतरी बाया. खिशात मावेल असा एक ध्वनिमुद्रक घेतला होता. त्याची साठवण बेताची, म्हणून घरी आलो की सारे संगणकावर उतरवून घ्यायचे आणि मुद्रक रिकामा करायचा. संगणक ओळखीच्या एका मुलाने जुळवून दिलेला. त्यातला वीजपुरवठा अर्थात पेटीबरोबर फुकट. ते भारनियमनाचे दिवस होते. दिवसातून चार-चार तास वीज जायची आणि येताना धसमुसळेपणाने यायची. २०१० च्या जूनमध्ये एका संध्याकाळी ती अशीच आली, पेटीतून फटाका वाजावा तसा आवाज झाला, जळक्या वासाचा धूर निघाला आणि पडदा काळा झाला.

जाताना तो डबा एकटा गेला नाही. मदरबोर्ड गेला आणि ८० जीबीची हार्ड डिस्कही गेली. त्या मुलाने ती डिस्क दुसऱ्या एका संगणकाला जोडून पाहिली. तो संगणक सुरूच होईना, डिस्क काढली की होई. "सर, मेली ती," तो म्हणाला. दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. का नव्हती, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. उद्या करू, असे चार वर्षे म्हणत होतो. आत्या त्याआधीच, २००९ मध्ये, वारली होती. दुसऱ्यांदा त्या गावांत जाण्याचे माझ्याने झाले नाही. माझ्या नावापुढे आजही नुसते एम.ए. आहे, ते त्यामुळे. डिस्क मात्र मी टाकली नाही. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात घालून कपाटावर ठेवून दिली.

कन्या ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने खिडकीबाहेर पाहत म्हटले, "पण बाबा, ते पंधरा वर्षांपूर्वीचं झालं. आता सगळे चांगले येतात." तरुणांचे हे एक बरे असते, जगातले सारे वाईट आपण जन्माला येण्याआधी होऊन गेले, अशी त्यांची खात्री असते.

दुकान म्हणजे एक बोळकांडी होती. मालक पन्नाशीचे, मराठी, अंगात बंडीवजा सदरा, आणि बोलणे शिक्षकासारखे. कन्येची यादी त्यांनी पाहिली, माझी हरकत ऐकली आणि काही न बोलता दोन डबे काउंटरवर ठेवले. एक त्या पेटीबरोबर येणारा ४५० वॅटचा, दुसरा सुट्टा विकला जाणारा ५५० वॅटचा. "उचलून बघा," ते म्हणाले. पहिला रिकाम्या चहाच्या डब्यासारखा हलका होता. "वजनावरून परीक्षा करायची नसते," ते लगेच म्हणाले, "पण करून टाकतात सगळे, म्हणून आधी उरकून घेतलं. आता वाचा."

प्रत्येक डब्याच्या कुशीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर वॅटचा आकडा मोठा छापतात आणि खरी हकीकत बारीक अक्षरांच्या तक्त्यात घालतात. करारनाम्याचीच रीत. दुकानदारांनी कन्येला भिंग दिले. पहिल्या डब्याच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर असे लिहिले होते.

"गुणा," ते म्हणाले.

"एकशे अडुसष्ट."

"म्हणजे १६८ वॅट. आता तुझ्या यादीतलं सांग."

कन्येने सांगितले. आय-फाइव्ह १२४०० हा तिचा प्रोसेसर. त्याच्यावर ६५ वॅट लिहिलेले असते, पण भर कामात तो ११७ पर्यंत जातो. आरटीएक्स ४०६० कार्ड घेतले तर त्याचे ११५. दोघे मिळून २३२. आणि आजच्या संगणकात ही दोन्ही खादाड मंडळी १२ व्होल्टच्याच पंगतीला बसतात. पूर्वी तसे नव्हते; तेव्हा बराच भार ५ आणि ३.३ व्होल्टवर असे. हे फुकटचे डबे अजून त्या जुन्या पंगतीचा हिशेब धरून बांधलेले, म्हणून ४५० चा आकडा भरायला नको तिथली वाढणी धरतात. दुसऱ्या डब्यावर त्याच रकान्यात पंचेचाळीस अँपिअरच्या वर आकडा होता. म्हणजे जवळजवळ सारे ५५० वॅट १२ व्होल्टवर मिळणार.

कन्येने भिंग खाली ठेवले. गाडीतल्या माझ्या गोष्टीने जे झाले नव्हते ते एका गुणाकाराने झाले. मला क्षणभर वाईट वाटले. पण मी पंचवीस वर्षे वर्गात शिकवतो आहे. उदाहरण कोणाचे पटेल हे आपल्या हाती नसते.

"पण बाकीचं सगळं धरलं तरी तीनशेच्या आतच येतं," ती म्हणाली. "मग साडेपाचशे कशाला?"

हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर असे मिळाले, की ग्राफिक्स कार्ड सरासरीने ११५ वॅट खात असले तरी एखाद्या क्षणी, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते, ते त्याच्या कितीतरी वर उसळी घेते. त्या क्षणी पुरवठा कमी पडला की संगणक फटदिशी बंद होतो आणि माणूस दोष देतो सॉफ्टवेअरला. शिवाय पूर्ण भाराने चोवीस तास राबणारा डबा तापतो, त्याचा पंखा ओरडतो आणि आतले कपॅसिटर सुकतात. दहा अंश उष्णता कमी झाली की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. त्या कार्डाचे निर्माते स्वतःच ५५० वॅटचा पुरवठा घ्या म्हणून सांगतात. आमच्या दुकानदारांच्या मते तेवढे पुरे. त्याहून मोठा घ्यायचा तर उद्या मोठे कार्ड घालण्याचा बेत असावा. "हजार वॅटचा घेऊन जातात लोक, मुलांचं मन मोडवत नाही म्हणून," ते म्हणाले. "मी विकतो. पण विचारलंत म्हणून सांगितलं."

हा डबा आत करतो काय, हे मी त्यांना विचारले आणि त्यांनी जे सांगितले ते मला माझ्या ओव्यांच्या भाषेत समजले. भिंतीतून येते ती २३० व्होल्टची वीज, सेकंदाला पन्नास हेलकावे खाणारी. हा भरड दाणा. डबा तो आधी सरळ करून घेतो, तेव्हा त्याचा जोर तीनशे व्होल्टच्या वर जातो. मग तिचे सेकंदाला लाखभर तुकडे करतो. तुकडे इतके बारीक असल्यामुळेच आतले रोहित्र मुठीएवढे असून भागते. नाहीतर त्याच कामाला उखळाएवढे लोखंड लागले असते. मग ते पीठ गाळून, चाळून १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या तीन डब्यांत भरायचे. आणि पीठ वस्त्रगाळ हवे. इंटेलने १९९५ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या एटीएक्स नावाच्या मापदंडात १२ व्होल्टची धार ११.४ च्या खाली आणि १२.६ च्या वर जाता कामा नये, आणि तिच्यातली थरथर १२० मिलिव्होल्टच्या आत राहावी, असा दंडक आहे. स्वस्त डब्यात काटकसर होते ती या चाळणीत आणि राखणदारांत. व्होल्ट वाढले, प्रवाह वाढला, कुठे शॉर्ट झाले, तर क्षणात स्वतःला बंद करून घेणारी मंडळी चांगल्या डब्यात असतात. फुकटच्या डब्यात त्यांच्या जागा कित्येकदा रिकाम्या असतात. चाळीच्या फाटकावर पहारेकऱ्याची खुर्ची असते आणि पहारेकरी नसतो, तशा.

मग पदकांचा प्रश्न आला. या डब्यांना ८० प्लस नावाची एक पदवी असते. २००४ पासून ती देतात. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ऐंशी टक्के पुढे पोचवली तर साधी पदवी. मग कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि त्याच्याही वर. घ्यावे तर सुवर्ण, असे मला वाटले. इतका खर्च करतोच आहोत. मी घरी फोन लावला. सौभाग्यवती बँकेत आहेत आणि आकड्यांच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा.

त्यांची पहिली शंका अशी, की ४५० च्या जागी ५५० वॅट म्हणजे बिल वाढणार. तसे नसते. टाकी मोठी बांधली म्हणून घरातली माणसे जास्त पाणी पीत नाहीत. संगणकाला तीनशे वॅट लागले तर डबा तेवढेच देतो. भिंतीतून मात्र थोडे अधिक घेतो, आणि ते अधिकचे उष्णता होऊन वाया जाते. पंच्याऐंशी टक्क्यांचा कांस्य डबा ३५३ वॅट ओढील, नव्वद टक्क्यांचा सुवर्ण ३३३. फरक वीस वॅटचा. "रोज पाच तास म्हणजे एक दशांश युनिट," फोनवरून उत्तर आले. "युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाचे तीनशे पासष्ट. सोन्याचा कितीला जास्त?" अडीच हजारांनी, मी म्हटले. "म्हणजे सात वर्षं. आणि ती काय रोज पाच तास पूर्ण जोरात चालवणार आहे? कांस्य घ्या." दुकानदारांनी समोरून मान डोलावली. वर ते असेही म्हणाले, की ही पदवी म्हणजे काटकसरीचा दाखला, सद्वर्तनाचा नव्हे. ती किती वीज वाया जाते ते मोजते, आणि तेही २३ अंशांच्या खोलीत. राखणदार जागेवर आहेत की नाहीत हे पाहणे तिचे काम नाही. त्यासाठी डबा उघडून तपासणारे जाणकार काय लिहितात ते वाचावे, आणि निर्माता किती वर्षांची हमी देतो ते पाहावे. पाच वर्षांची हमी देणाऱ्याला आपली वस्तू ठाऊक असते.

एक गोष्ट मात्र त्यांनी आपण होऊन विचारली आणि तिने माझ्या काळजाचा ठाव घेतला. "घरी इन्व्हर्टर आहे?" भारनियमनाच्या काळात आमच्या भागात घरोघर आले ते इन्व्हर्टर अजून आहेत, आमचा तीन वर्षांपूर्वी बदलला. वीज गेल्यापासून इन्व्हर्टर जागा होईपर्यंत थोडा वेळ जातो. तेवढा वेळ डब्याने आपल्या पोटातल्या साठ्यावर संगणक तोलून धरायचा असतो. चांगला डबा पूर्ण भारावरही सोळा-सतरा मिलिसेकंद धरतो. इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो. तो 'यूपीएस' कडे ठेवला तर अदलाबदल दहा मिलिसेकंदांच्या आसपास होते, आणि साध्या बाजूला ठेवला तर त्याच्या कितीतरी पट लागतात. शिवाय इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीचा हवा. जुन्या चौकोनी लहरींशी नव्या डब्यांचे कधीकधी पटत नाही. २०१० मध्ये मला हे कोणी सांगितले नव्हते, हे खरे. पण मी तरी कोणाला विचारले होते?

मग त्यांनी नव्या डब्याच्या मोठ्या जोडणीतली हिरवी तार एका काळ्या तारेला कागदाच्या टाचणीने जोडली. पंखा फिरू लागला. "जिवंत आहे," ते म्हणाले आणि बिल केले. निघताना दोन ताकिदी दिल्या. डबा कधी उघडायचा नाही. बंद करून तार काढली तरी आतल्या कपॅसिटरात तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. आणि ज्या डब्यांच्या तारा सुट्या निघतात त्यांच्या तारांची अदलाबदल कधी करायची नाही. डब्याकडच्या बाजूची मांडणी प्रत्येकाची वेगळी, आणि दिसायला मात्र सगळ्या सारख्या. पाचाच्या जागी बारा व्होल्ट गेले की डिस्क संपली. 'डिस्क' हा शब्द ऐकून कन्येने माझ्याकडे पाहिले. कार्ड तिने एक पायरी खालचे घेतले. तोंड लहान झाले होते; पण तिने घेतले.

संगणक जोडण्याचा सोहळा नवरात्रात पार पडला, त्याविषयी सांगण्यासारखे थोडेच. सारे जागच्या जागी बसले आणि पहिल्याच खटक्याला पडदा उजळला. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवती ओल्या फडक्याने धूळ पुसायला गेल्या आणि ओरडल्याच. पेटीला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. मी त्या डब्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. वायरमनने येऊन टेस्टर लावला. पेटीवर दिवा लागला. मग त्याने भिंतीतला प्लग उघडला आणि हसत सुटला. इमारत १९८० च्या सुमाराची. प्लगला भोके तीन, पण तिसऱ्यात तारच नव्हती! पंचेचाळीस वर्षे ते भोक नुसते शोभेला होते. डब्यात येणाऱ्या दोन्ही तारांपासून पेटीच्या पत्र्याकडे दोन चिमुकले कपॅसिटर जोडलेले असतात, विजेतला गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी. जमिनीची वाटच नसेल तर पत्रा मध्येच लोंबकळतो, दोनशेतीसच्या निम्म्यावर. प्रवाह अगदी थोडा, पण झिणझिणायला पुरेसा. म्हणजे डबा आपले काम चोख करीत होता आणि घर करीत नव्हते. अर्थिंगची तार ओढली, झिणझिण्या गेल्या. साडेचार हजारांचा डबा आणून आम्ही तो कशाला जोडला होता, हा विचार त्या रात्री बराच वेळ माझ्या मनात घोळत राहिला.

आणि मग कन्येने कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढला.

मला न विचारता. ती डिस्क पालथी करून तिने विजेच्या जोडणीपाशी एका काळ्या ठिपक्याकडे बोट दाखवले. ज्वारीच्या दाण्याएवढा तो भाग म्हणजे डिस्कचा स्वतःचा राखणदार. व्होल्ट बेसुमार वाढले की तो स्वतः शॉर्ट होऊन मरतो आणि मागच्या साऱ्यांना वाचवतो. "बाबा, त्या मुलाने जोडली तेव्हा दुसरा संगणक सुरूच झाला नव्हता ना? म्हणजे त्याच्या एसएमपीएसने शॉर्ट ओळखलं आणि तो थांबला. डिस्क मेलीच होती असं कुठं आहे?" पंधरा वर्षे मी त्या वाक्याला मृत्यूचा दाखला समजत होतो.

पुन्हा ग्रँट रोड. त्याच दुकानाच्या माळ्यावर एक वृद्ध कारागीर बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, मीटरची दोन टोके टेकवली, "हां" म्हणाले, आणि चिमट्याने तो दाणा उपटून माझ्या तळहातावर ठेवला. "आता हिला राखणदार नाही," ते म्हणाले. "एकदाच लावायची, आणि जे निघेल ते आधी काढून घ्यायचं. घरचा एसएमपीएस कसला आहे?"

कन्येने सांगितले. त्यांनी मान हलवली. "मग लावा. चालेलच असं नाही. पंधरा वर्षं पडून आहे."

त्या रात्री जेवणे लवकर झाली. वडीलही झोपायला गेले नाहीत. कन्येने डिस्क जोडली, माझ्याकडे पाहिले आणि खटका दाबला. आधी काहीच ऐकू आले नाही. मग जात्याच्या पाळीवर हात फिरवावा तशी बारीक घरघर सुरू झाली आणि एका लयीत लागली. पडद्यावर फायलींची रांग उभी राहिली. सगळ्या नव्हत्या, मधल्या काही उघडेनात. कन्या भराभर प्रती काढीत होती, एक इथे, एक तिथे, तिसरी कुठे तरी. मी म्हटले, पहिली लाव.

आधी खेड्यातला कावळा ओरडला. मग भांडे सरकल्याचा आवाज. मग आत्या, अगदी जवळून:

"झालं का रं ते सुरू?"